‘च’ची जागा आणि ‘ओन्ली’ची जागा



व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, नाटक झाले, वऱ्हाडी बोली झाली. यंदा मी इंग्रजी वाक्यातल्या क्रियाविशेषणाविषयी बोलणार, असे पत्रिकेत वाचून काहींनी मला थेट विचारले, ‘मास्तर, आम्हाला पुन्हा शाळेत बसवता की काय?’ तसे नाही. विषय दिसतो इंग्रजीचा, पण बालाघाटच्या मराठी घराशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. ‘ओन्ली’ हा एक शब्द चुकीच्या जागी बसल्याने एका घरातल्या दोन भावांच्या कुटुंबांत वर्षभर जाणेयेणे बंद झाले होते, आणि तो शब्द तिथे बसवणारा मीच होतो. ती हकीकत आधी सांगतो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ होते. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांच्या काकांनी मृत्युपत्र केले होते आणि त्यावर या गृहस्थांच्या वडिलांची साक्षीदार म्हणून सही होती. पुढे वाटणीवरून कुरबुर झाली. दूरच्या शहरात स्थायिक झालेल्या चुलतभावाने वकिलाकरवी इंग्रजीत नोटीस पाठवली. ‘तुमच्या वडिलांनी सही केली, म्हणजे वाटणी त्यांना मान्य होती’, असा तिचा आशय होता. गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘सर, एवढंच लिहा, की बाबांनी सही साक्षीदार म्हणूनच केली होती. मजकुराला त्यांची संमती होती असा त्याचा अर्थ नाही.’ मुद्दा बिनतोड होता. साक्षीदार सहीची साक्ष देतो, मजकुराची जबाबदारी घेत नाही.

मी पत्र लिहिले. जोराचा शब्द आरंभी टाकला की वाक्याला वजन येते, अशी माझी तेव्हा समजूत होती. आपल्या कचेरीतल्या मजकुरात ‘केवळ’ असाच पुढे येऊन बसतो. म्हणून मी लिहिले, ‘ओन्ली माय फादर साइन्ड ॲज अ विटनेस.’

आता या वाक्याचा अर्थ पाहा. ‘साक्षीदार म्हणून फक्त माझ्या वडिलांनी सही केली.’ म्हणजे दुसऱ्या कोणी केली नाही. आणि 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 63 सांगते, की साध्या मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. समोरच्या वकिलाने उलट टपाली लिहिले, की साक्षीदार एकच होता हे आपण स्वतःच कबूल केले आहे, तेव्हा मृत्युपत्राच्या वैधतेचाच आता विचार करावा लागेल. दुसऱ्या साक्षीदाराची सही मूळ कागदावर होती, म्हणून शेवटी नुकसान झाले नाही. पण खुलासे, प्रतिखुलासे, ‘तुम्ही मुद्दामच असं लिहिलंत’ असे आरोप, यांत वर्ष गेले. त्या वर्षी एका घरच्या लग्नाला दुसऱ्या घरचे कोणी आले नाही. मला लिहायला हवे होते, ‘माय फादर साइन्ड ओन्ली ॲज अ विटनेस.’ शब्द तेच आणि तेवढेच. एक शब्द तीन घरे पुढे सरकवायचा होता.

त्यानंतर मी या प्रश्नाच्या मागे लागलो. गृहस्थ मराठीत बोलले तेव्हा संदिग्धता कुठेच नव्हती. ‘साक्षीदार म्हणूनच’ असे ते म्हणाले होते. मग इंग्रजीत येताना ती कुठून शिरली?

उत्तर त्या ‘च’मध्ये आहे. मराठीत जोर द्यायचा शब्द कोणता, हे आपण त्या शब्दाला खूण चिकटवून सांगतो. च, ही, तरी, सुद्धा, देखील या त्या खुणा. ‘काल रामाने मला पुस्तक दिले’ हे वाक्य घ्या आणि ‘च’ एकेका घरात ठेवून बघा. कालच दिले, म्हणजे फार दिवस झाले नाहीत. रामानेच दिले, म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. मलाच दिले, तुला नाही. पुस्तकच दिले, वही नाही. आणि ‘दिलेच’ म्हटले, तर नको नको म्हणताना दिले. पाच जागा, पाच अर्थ. शिवाय शब्दांचा क्रम बदलला तरी ‘च’ आपल्या शब्दाला सोडत नाही. ‘मलाच काल रामाने पुस्तक दिले’ म्हणा किंवा ‘रामाने पुस्तक काल मलाच दिले’ म्हणा, जोर ‘मला’वरच राहतो.

ही खूण फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीत ती ‘चि’ या रूपात पानोपानी भेटते. त्याआधीच्या महाराष्ट्री प्राकृतात ‘चिअ’, ‘च्चेअ’ अशी तिची रूपे होती, आणि संस्कृतात हेच काम ‘एव’ करीत असे. हा ‘एव’ कुठे ठेवावा यावर आपल्याकडे केवढा विचार झाला आहे! सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाने त्याचे तीन अर्थ वेगळे करून दाखवले. त्याची उदाहरणे मराठीत सांगायची तर अशी. ‘चैत्र धनुर्धरच आहे’, म्हणजे तो धनुर्धर नाही असे म्हणू नका. ‘पार्थच धनुर्धर आहे’, म्हणजे त्याच्या तोडीचा दुसरा नाही. ‘कमळ निळे असतेच’, म्हणजे निळे कमळ नसतेच असे नाही. पहिल्या वाक्यात ‘च’ विशेषणाला लागला, दुसऱ्यात विशेष्याला, तिसऱ्यात क्रियापदाला. आणि पुढे तो असेही म्हणतो, की ‘एव’ तोंडाने उच्चारला नाही तरी बोलणाऱ्याच्या मनातला रोख पाहून तो कुठेतरी गृहीत धरावाच लागतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. इंग्रजीकडे जाताना ते उपयोगी पडणार आहे.

इंग्रजीत शब्दाला चिकटणारा ‘च’ नाही. इंग्रज माणूस बोलताना आवाजाने काम भागवतो. ‘आय ओन्ली गेव्ह हिम द बुक’ हे एकच वाक्य तो ‘हिम’वर जोर देऊन म्हणेल, तर अर्थ ‘त्यालाच’. ‘बुक’वर जोर दिला, तर ‘पुस्तकच’. ‘गेव्ह’वर दिला, तर ‘दिले एवढेच, दुसरे काही केले नाही’. समोरासमोर बोलताना घोटाळा होत नाही. पण कागदाला आवाज नसतो. वाचणारा आपल्या सोयीच्या शब्दावर जोर देऊन वाचतो, आणि तो वाचणारा प्रतिपक्षाचा वकील असला तर काय होते ते मी सांगितलेच. आपला ‘च’ म्हणजे शाईत उतरलेला आवाजाचा जोर आहे. इंग्रजीत लिहिताना ते काम जागेकडून करून घ्यावे लागते. म्हणून नियम असा, की ‘ओन्ली’, ‘ईव्हन’, ‘ऑल्सो’, ‘जस्ट’ यांना ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या अगदी शेजारी, बहुधा लगेच आधी, बसवावे.

इथे इंग्रज वैयाकरणांतही मतभेद आहे, तो सांगितला पाहिजे. 1926 साली एच. डब्ल्यू. फाउलर यांचा इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश निघाला. जिथे गैरसमजाला वाव नाही तिथे ‘ओन्ली’ बोलण्यातल्या नेहमीच्या जागी, म्हणजे क्रियापदाआधी राहिला तर त्याला उचलून दुसरीकडे ठेवण्याचा अट्टाहास करू नये, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबरच आहे. घरच्या पत्रात, गप्पांत ते शोभते. पण अर्ज, नोटीस, जबाब, करारनामा यांत सुशिक्षित इंग्रजालाही शेजारचा नियमच पाळावा लागतो.

आता आपल्या बालाघाटचा खास पेच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या मध्यप्रदेशातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला जिल्हा इकडे राहिला. त्याआधी हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना या राज्यात राजभाषेचे स्थान होते. नागपूर राजधानी होती. त्यानंतर आपली मुले हिंदी शाळेत शिकली. बाघ नदी ओलांडली की गोंदिया, तिथे पाट्या मराठीत. अलीकडे घरात मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, परीक्षेत इंग्रजी. या तीन भाषांच्या मध्ये ‘ही’ नावाचा एक फसवा अव्यय उभा आहे.

हिंदीत ‘राम ही आया’ म्हणजे रामच आला, दुसरा कोणी नाही. मराठीत ‘रामही आला’ म्हणजे इतर आले आणि त्यांच्याबरोबर रामसुद्धा आला. अक्षर तेच, अर्थ नेमका उलटा. हिंदीचा ‘ही’ म्हणजे मराठीचा ‘च’. मराठीचा ‘ही’ म्हणजे हिंदीचा ‘भी’. घरी आजी म्हणते, ‘त्यालाही दे’, आणि हिंदीत वाढलेला नातू ऐकतो ‘उसी को दे’. लाडू एकाच्याच पानात पडतो. तिथवर ते हसण्यावारी जाते. पण हाच मुलगा इंग्रजीत लिहायला बसला, की त्याला ‘ओन्ली’ लिहावे की ‘ऑल्सो’ असा प्रश्न पडतो, आणि एकदा शब्द ठरला तरी तो कुठे ठेवावा हा दुसरा प्रश्न उरतोच. मी वर्गात हे वर्षानुवर्षे पाहिले. मुलगा इंग्रजीत कच्चा म्हणून त्याचे गुण कापले जात. तो कच्चा नसे. त्याच्या डोक्यात दोन ‘ही’ भांडत असत.

याच मुळातून आणखी एक गोष्ट उगवते. ‘आय ॲम फ्रॉम बालाघाट ओन्ली’ असे आपण सर्रास बोलतो. ऐकून कॉन्व्हेंटमधली मंडळी हसतात. हसण्याचे कारण नाही. ‘मी बालाघाटचाच’ किंवा ‘मैं बालाघाट का ही हूँ’ यातला ‘च’ किंवा ‘ही’ ज्या जागी येतो, म्हणजे शब्दाच्या मागे, तिथेच आपण ‘ओन्ली’ ठेवला. भारतभर लोक असे बोलतात, कारण भारतभर जोराची खूण शब्दाच्या मागे लागते. बोलण्यात ते खुशाल चालू द्या. फक्त अर्जात लिहू नका. तिथे ‘आय ॲम फ्रॉम बालाघाट इटसेल्फ’ म्हणा, नाहीतर साधे ‘आय ॲम फ्रॉम बालाघाट’ पुरते. मराठीच्या प्रत्येक ‘च’ला इंग्रजीत ‘ओन्ली’ लागतो असे नाही, हेही यातून कळते. ‘रामानेच दिले’ला ‘इट वॉज राम हू गेव्ह इट’, आणि ‘दिलेच’ला ‘ही डिड गिव्ह इट’. तिथे ‘ओन्ली’ घुसवला तर अर्थ बिघडतो.

आतापर्यंत जोराच्या शब्दांचे झाले. बाकीच्या क्रियाविशेषणांचे काय? आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असेल, निदान आजोबांच्या ट्रंकेत तरी. त्यानंतरच्या पिढीकडे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. त्यातले रेन, म्हणजे पी. सी. रेन, हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. पुढे फ्रेंच फॉरिन लिजनवरच्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीने जगभर गाजले. या पुस्तकांत नियम पुष्कळ आहेत. मी त्यांतले तीन, मराठी माणसाच्या सोयीने मांडतो.

पहिला नियम आरशाचा. मराठीत आपण म्हणतो, ‘मुलगी काल सभागृहात सुरेख गायली.’ आधी वेळ, मग ठिकाण, मग रीत, शेवटी क्रिया. इंग्रजीत, ‘द गर्ल सँग ब्यूटिफुली इन द हॉल यस्टर्डे.’ आधी क्रिया, मग रीत, मग ठिकाण, शेवटी वेळ. क्रियापदापाशी आरसा धरला की एका भाषेतला क्रम दुसरीत उलटा दिसतो. माझ्या विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवले की ते पुन्हा विसरत नसत.

दुसरा नियम कर्माचा. ‘ती इंग्रजी चांगले बोलते’ आणि ‘ती चांगले इंग्रजी बोलते’ दोन्ही आपल्याला चालतात. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये कोणी बसलेले खपत नाही. ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ चूक. ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’ बरोबर.

तिसरा नियम वारंवारतेचा. ऑलवेज, ऑफन, युज्वली, नेव्हर हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: ‘ही ऑलवेज कम्स लेट.’ पण क्रियापद ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ असेल तर नंतर: ‘ही इज ऑलवेज लेट.’ साहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या साहाय्यकानंतर: ‘ही हॅज ऑलवेज पेड द रेंट.’ इथे आरसा चालत नाही, हे पाठ करावे लागते.

आणि एक सावधगिरी. दोन क्रियापदांच्या मध्ये क्रियाविशेषण सापडले, तर ते तिरळ्या डोळ्याने दोन्हीकडे पाहते. ‘फार्मर्स हू इरिगेट ऑफन लूज वॉटर.’ वरचेवर पाणी देणारे शेतकरी पाणी वाया घालवतात, की पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांचे पाणी वरचेवर वाया जाते? सांगता येत नाही. मराठीत ‘वरचेवर’ एका क्रियेच्या बाजूला असतो आणि प्रश्न मिटतो. नकाराशी गाठ पडली तरी असेच. ‘आय रिअली डू नॉट नो’ म्हणजे मला खरेच माहीत नाही. ‘आय डू नॉट रिअली नो’ म्हणजे मला तसे नीटसे माहीत नाही. पहिल्याने माणूस हात झटकतो, दुसऱ्याने थोडे दार उघडे ठेवतो. जबाबात या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

हे सारे शाळामास्तरी वाटत असेल, तर एक खटला सांगतो. अमेरिकेतल्या एका पोलाद कारखान्यात फ्लोरेस-फिगेरोआ नावाचा मेक्सिकोचा कामगार होता. त्याने कामासाठी खोटी कागदपत्रे दिली. त्यांवरचे क्रमांक योगायोगाने खऱ्या, दुसऱ्या माणसांचे निघाले. तिथल्या कायद्यानुसार जो जाणूनबुजून दुसऱ्या व्यक्तीची ओळख वापरतो त्याला जादा दोन वर्षे कैद. प्रश्न उभा राहिला, की ‘नोइंग्ली’ म्हणजे ‘जाणूनबुजून’ हा शब्द कुठवर पोचतो? वापरण्यापुरता, की ‘दुसऱ्या व्यक्तीची’ इथपर्यंत? क्रमांक खोटे आहेत हे त्याला माहीत होते. पण ते कोणा जिवंत माणसाचे आहेत हे माहीत होते का? 2009 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की तो शब्द शेवटपर्यंत पोचतो. क्रमांक दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. एका क्रियाविशेषणाच्या पल्ल्यावर माणसाची दोन वर्षे अवलंबून होती.

इथे मराठीचा उगाच अभिमान बाळगू नये. ‘जाणूनबुजून दुसऱ्याचा क्रमांक वापरला’ हे आपले वाक्यही तेवढेच संदिग्ध आहे. मराठीही सगळीकडे वाचवत नाही. पण मराठीत आपल्याला तो संशय चटकन येतो, आणि ‘क्रमांक दुसऱ्याचा आहे हे जाणून’ असे फोडून सांगण्याची सोय आपल्या हाताशी असते. परक्या भाषेत संशयच येत नाही, तिथे घात होतो.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. घरात कोणाला इंग्रजीत महत्त्वाचे काही लिहायचे असेल, मुलाला परदेशी विद्यापीठाचा अर्ज, सुनेला नोकरीचा राजीनामा, कोणाला वाटणीचा जबाब, तर ते वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणायला सांगा. ‘च’ कोणत्या शब्दावर पडला, ‘ही’ कोणत्या शब्दावर पडला, ते ऐका. त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मग इंग्रजी वाक्यात तो शब्द शोधा आणि ‘ओन्ली’ किंवा ‘ईव्हन’ त्याच्या शेजारी बसवा. शेवटी वाक्य अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमच्या मनातले काही माहीत नाही. त्याने दुसराच अर्थ सांगितला, तर त्याच्याशी वाद न घालता वाक्य बदला.

ही युक्ती चालायची तर नातवाला ‘च’ ऐकू आला पाहिजे. ‘त्यालाच दे’ आणि ‘त्यालाही दे’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला ‘ओन्ली’ आणि ‘ऑल्सो’ यांची जागा दोन दिवसांत शिकवता येते. ज्याला कळत नाही, त्याला मी दोन वर्षांतही शिकवू शकलो नाही. मराठी घरात बोलल्याने मुलांचे इंग्रजी बिघडते, असे आईबाप मला सांगत आले. माझा अनुभव याच्या उलट आहे.

त्या दोन भावांची कुटुंबे आता एकमेकांकडे जातात येतात. मी मागितलेली माफीही त्यांनी स्वीकारली. तरी अजून कोणी पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे आले, की मी लेखणी उचलण्याआधी त्यांना म्हणतो, ‘भाऊ, आधी मराठीत सांगा. आणि सावकाश सांगा.’